सखूचा मोर

हे आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, लेकाला बी न्हाई. तुमाला सांगते, तुमी आमच्या गावचे न्हाईत म्हणून.

गेल्या हिवाळ्यात लेकानं आमाला श्रीलंकेला नेलं. माजा सगळा जन्म नेकनूरच्या आसपास गेलेला, समुद्र बी मी तिथंच पयल्यांदा बगितला. पण खरं सांगू? समुद्राचं एवढं काय वाटलं न्हाई. एका दुपारी गाडी भाताच्या शेताकडनं चालली होती अन् बांधावर मोर — सात-आठ, मोकळे, आपल्याच नादात चरत होते. मला रडायलाच आलं. लेक म्हणला, "आई, आपल्याकडं काय मोर कमी हायेत का?"

कमी न्हाईत. पण मला एकच आठवला होता.

सखू माजी शेजारीण, लहानपणापासनं एका ताटात जेवलेली. तिच्या घरचे दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ती बी जायची. आमी बारा-तेरा वर्षांच्या असू. गवत कापताना मोराची अंडी उघडी पडली. लांडोर काही माघारी येईना, तवा सखूनं ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. पिल्लू एकच जगलं. ती पाण्याला निघाली की मागं, चुलीपाशी बसली की मांडीत. आमी दोघी दिवसदिवस त्याच्यासाठी नाकतोडे धरत हिंडायचो. तसे दिवस मंग कधी आलेच न्हाईत.

ऊसतोडीला निघताना तिनं पिल्लू माज्या वटीत दिलं. म्हणली, "दिस बुडायच्या आत डालग्याखाली झाकत जा. इसरू नको बाई."

इसरले का मी? — न्हाई. इथंच तर सगळं हाय. पिल्लू माज्याकडं येईचना. सखूच्या कुलूप लावलेल्या दारात बसून दिवसभर वरडायचं. चारायला गेलं की मलाच चोच मारायचं. मला लई राग आला — त्याचा का सखूचा, कोण जाणे. एका सांजेला डालगं माज्या हातात होतं अन् मी म्हणलं, ऱ्हा बाहीरच, बगू कोण येतंय तुला. सकाळी त्या दारात नुसती पिसं होती. कुत्र्यांनी नेलं. आई उठायच्या आत मी पिसं उकिरड्यात पुरली, अन् करून सवरून नामानिराळी ऱ्हायले.

चैतात सखू आली. मी म्हणलं, उडाला — डोंगरातले मोर आलते, त्यांच्यासंगं गेला. वाटलं, रडंल. ती हसली. "बरं झालं, आपल्या माणसांत गेला," म्हणली.

लग्न तिचं गावातच झालं. अजून डोंगराला मोर वरडला की म्हणती, "माजा हाय." मोरांनी हरभरा उकरला तर सगळा गाव शिव्या देतो, ती ज्वारीचा एक कोपरा त्यांच्यासाठी सोडती. सांगितलं कावून न्हाई? आधी भ्याले. मंग — लाज वाटती बोलायला — तिचं हे सुख मीच तिला दिलंय, असं मला वाटाय लागलं.

श्रीलंकेहून आल्यावर ठरवलं, आता सांगायचंच. तिच्या घरी गेले. मोबाईलवर तिथले मोर दाखवले. तिनं नातीला हाक मारून जवळ बसवलं अन् मला म्हणली, "हिला सांग की, माजा मोर कसा उडाला. तूच बगितलंयस न्हवं."

मी सांगितलं. आधी बांधावर बसला, मंग मागं वळून तुज्या आजीच्या घराकडं बगितलं, अन् मंग गेला. हे मागं वळून बगायचं आधी कधी सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी मी नवीन घातलं. सखूनं पदरानं डोळे पुसले.