पहिल्या चार ओळी

कापड रंगवण्याच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला कॉलनीत कुणी नावाने ओळखत नसे. फोरमन म्हटलं की तोच. नखांच्या कडांना कायमची निळी रेघ आणि आवाज यंत्रांच्याही वरताण. घरी आल्यावर हा आवाज खाली यायचा तो एकाच माणसापुढे. ती म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, ठकी.

ठकीला प्रश्न विचारायची भारी खोड. कारखान्यामागच्या नाल्यावरून सायकलने शाळेत जाताना ती पुढच्या दांडीवर बसून विचारायची, "बाबा, आज पाणी जांभळं का?"

"आज जांभळ्या कापडाची पाळी आहे म्हणून."

"मग त्यातले मासे कुठे गेले?"

"मामाच्या गावाला," म्हणत तो पायडल जोरात मारायचा.

ही मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरातल्या एका साप्ताहिकात वार्ताहर झाली. फोरमनला कोण अभिमान! तिचा एखादा लेख वेबसाइटवर फुकट वाचायला मिळाला की कारखान्यात चहाच्या सुट्टीत मोबाइल हातोहात फिरायचा. "आमची ठकी छापून येते," असं तो न विचारताही सांगायचा.

एके दिवशी चहाच्या सुट्टीत स्टोअरकीपरने स्वतःचाच मोबाइल त्याच्यापुढे धरला. चेहरा असा, की जणू कुणी गेल्याचा निरोप आणलाय. मथळा कारखान्यामागच्या नाल्याबद्दल होता. खाली ठकीचं नाव आणि चार ओळी. 'या नाल्यात विष सोडणारा व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम फोरमनच्या तोंडून जातो. तो फोरमन माझा बाप आहे. त्या पाण्याकाठच्या वस्तीत लहान मुलांच्या अंगावर व्रण उठले, तेव्हाही तो गप्प होता.' त्यापुढची अक्षरं पुसट होत गेली होती आणि त्यांच्यावर एक चौकट उभी होती: पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा.

"पुढचं उघडायचं का? पैसे भरावे लागतील," स्टोअरकीपर चाचरत म्हणाला.

"स्वतःची अब्रू गेलेली वाचायला वर्गणी भरू?" फोरमनने मोबाइल परत दिला.

संध्याकाळपर्यंत त्या चार ओळींचा फोटो साऱ्या कारखान्यात पोचला. पूर्ण लेख कुणाच्या बापाने वाचला नव्हता, पण मत मात्र प्रत्येकाचं तयार होतं. कुणी म्हणे घरभेदी निघाली, कुणी म्हणे बरं झालं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे आता तरी कळले. मालकाने त्याला कामावरून काढलं नाही, नुसतं यंत्रांवरून उचलून गोदामाच्या दारावर बसवलं. तिथे करायला काही नव्हतं. ते त्याला फार लागलं.

त्याने ठकीला फोन लावला. "माझ्या घराची पायरी चढू नकोस."

"बाबा, पूर्ण वाचलंत का?"

"वाचलं तेवढं पुरे झालं."

पुढच्या आठवड्यात ठकीने लेख छापून आईच्या नावाने टपालाने पाठवला. आईने तो ताटाशेजारी ठेवला. "अहो, एकदा नजर घाला. पुढे वेगळं आहे."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे म्हणून तर सांगते."

त्याने कागद उचलले, फाडले आणि केराच्या डब्यात टाकले. "या घरात तिचा विषय नको." बायकोने ताट उचललं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती भाजी आणायला म्हणून खाली जायची आणि कोपऱ्यावरच्या शिवणकामवालीच्या दुकानात बसून लेकीशी फोनवर बोलायची. फोरमनला ते ठाऊक होतं. भाजीला एवढा वेळ लागत नाही, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण एकदा तोंडून गेलेलं मागे घ्यायचं कसं, हे त्याला कधीच जमलं नाही.

अशीच वर्षं गेली. एका दुपारी बायको कपडे वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. ठकी आली ती सगळं आटोपल्यावर. जिन्याखाली शेजारणींच्या घोळक्यात उभी राहिली. वर आली नाही. फोरमन गॅलरीतून तिच्याकडे पाहत राहिला. "ये" हा एक शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. थोड्या वेळाने ती गेली.

निवृत्तीनंतर घर खायला उठायचं, म्हणून तो सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागला. तिथल्या ग्रंथपालबाई बोलक्या होत्या. एकदा वर्तमानपत्र दुसऱ्याच्या हातात होतं म्हणून तो ताटकळत बसला, तर त्या म्हणाल्या, "काका, संगणकावर बसा ना. आपल्या वाचनालयाची वर्गणी आहे. कार्डाचा नंबर टाकला की दैनिकं, साप्ताहिकं, जुने अंकसुद्धा, सगळं वाचता येतं."

"जुने म्हणजे किती जुने?"

"तुम्ही सांगा तर."

त्याने साप्ताहिकाचं नाव सांगितलं. मथळा त्याला तोंडपाठ होता. बाईंनी लेख काढून दिला आणि त्या कामाला निघून गेल्या. चौकट आली नाही. चार ओळी संपल्या आणि पाचवी सुरू झाली.

पाचव्या ओळीत लिहिलं होतं, की हा माणूस आधी गप्प नव्हता. वस्तीतलं पहिलं मूल आजारी पडलं तेव्हा त्याने व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद केला होता आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन भांडला होता. मॅनेजरने त्याला शांतपणे विचारलं होतं: राहत्या खोलीचं कर्ज कारखान्याचं, मुलगी कॉलेजात, पुढचं काय ठरवलंय? दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. 'त्या दिवसापासून माझा बाप गप्प आहे. त्याच्या गप्प बसण्यावर माझं शिक्षण झालं. मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवताना माझ्याकडेही दाखवा.'

केबिनमधली गोष्ट त्याने जगात एकाच माणसाला सांगितली होती. बायकोला.

तो पडद्याला नाक लावून तोच मजकूर पुन्हा वाचू लागला. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, त्यांना कळलं नाही.

घरी जाऊन त्याने फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं. "ठकी," तो म्हणाला, आणि यंत्रांवर मात करणारा त्याचा आवाज पूर्वीसारखा खाली आला.

"बाबा?"

"वाचलं गं. पूर्ण."

ठकीने विचारलं, "कुठे मिळालं?"

"वाचनालयात. कार्डावर. फुकट."

ती रडतेय की हसतेय ते त्याला समजेना. "खरं लिहिलंस," तो म्हणाला. "दोन्ही खरं लिहिलंस."

"मग इतकी वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं.

पुढच्या महिन्यात ती आली. तिच्याही केसांत पांढरं दिसत होतं. तिने चहा केला. साखरेचा डबा कुठे असतो हे तिला विचारावं लागलं. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसले आणि नाल्याबद्दल बोलले. लेखानंतर चौकशी झाली होती, वस्तीला नळाचं पाणी मिळालं होतं, कारखाना मात्र तसाच चालू होता. तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"तुला ते सगळं सांगताना... आई काय म्हणाली होती?" त्याने विचारलं. "माझ्याबद्दल. तिच्या शब्दांत सांग."

ठकीने खूप आठवून पाहिलं. "तेव्हाही ती तुमच्या नकळत त्या दुकानातूनच फोनवर बोलली होती. शिवणकामवालीच्या मशीनचा आवाज आठवतो, बाबा. ती मध्येच रडली, तेही आठवतं. शब्द नाही आठवत."

"एखादा तरी?"

"मी लेखासाठी माझ्या शब्दांत लिहून काढलं होतं. तिचे शब्द गेले."

त्याने मान डोलावली. उठून दोघांचे कप विसळले आणि पालथे घातले. आता ठकी दोन-तीन महिन्यांनी येते, चार दिवस राहते. बापलेकीचं बरं चाललंय, असं शेजारणी म्हणतात. ते खोटं नाही. पण ती बाजारात गेली की फोरमन कधी कधी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, शिवणकामवालीसमोरच्या स्टुलावर बसतो आणि विचारतो, "आमची ही इथे बसून काय बोलायची हो?"

ती मशीन थांबवते. "काका, मी कशाला कान देऊ? मायलेकींचं बोलणं ते," असं म्हणते आणि त्याच्यासाठी चहा सांगते.