ताईसाठी फ्लश

नव्या घरातल्या फ्लशला जोरच नव्हता. बटण दाबलं की पाणी कमोडमध्ये यायचं, जरासं गोल फिरायचं आणि काम अर्धवट टाकून निघून जायचं, माझ्या पूर्वीच्या ऑफिसातल्या साहेबांसारखं. मग बादली ओतायची. बोरीवलीची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिला, खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसू लागली, लिफ्टमध्ये आरसा आला, पण संडासात बादली येऊन बसली. पाणी वाचवणारं मॉडेल बसवलंय, असं बिल्डरच्या माणसाने चावी देताना ऐटीत सांगितलं होतं. त्याला दोन बटणं, एक छोटं, एक मोठं. दोन्ही सारखीच नालायक.

मी एकटी राहते, माझं बादलीवर भागत होतं. पण गणपतीनंतर ताईने माझ्याकडे कायमचं राहायला यावं, अशी माझी फार इच्छा होती. भावोजी गेल्यापासून ती गावच्या घरात एकटी, इथे मी एकटी. दोन ठिकाणी दोन कुकर लावायचे कशाला? मागच्या दिवाळीत ती राहून गेली, तेव्हा जाताना म्हणाली, "तुझ्याकडे सगळं बरं आहे गं, पण ती बादली माझ्याच्याने उचलवत नाही. गुडघे बोलतात." त्यानंतर फोनवर मी विषय काढला की ती बादली पुढे करायची. मला वाटलं, एवढंच ना? मग फ्लशच दुरुस्त करू.

सोसायटीचा प्लंबर आला. त्याने दोन्ही बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, लो-फ्लोवाला है, ऐसाच चलेगा. दो बार दबाने का." जुन्या बिल्डिंगमध्ये साखळी ओढायची टाकी होती, तिचा आवाज तळमजल्यापर्यंत जायचा, आई तिला तोफ म्हणायची, असं मी त्याला सांगत होते, तर हा "हां, हां" करत चपला घालून लिफ्टपाशी पोचलासुद्धा. हल्ली कुणाला वेळ म्हणून नसतो.

मग मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा म्हातारा होता, मोठा समजूतदार. तो एक गोष्ट सांगायचा, मी त्याला थांबवून दोन सांगायचे. त्याचं ऐकून आधी कमोडच्या कडेखालची भोकं पाहिली. बोअरच्या पाण्याने ती क्षारांनी बुजत आली होती. व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घासली. फरक पडला, पण नावापुरता. भिंतीवरचा कॉक तपासला, तो पूर्ण उघडा होता. शेवटी टाकीचं झाकण उचललं. चिनीमातीचं ते धूड खाली ठेवेपर्यंत माझा जीव अर्धा झाला.

पाणी खुणेपर्यंत होतं. आणि कोपऱ्यात, त्या पाण्यात, कोकम सरबताची एक बाटली उभी होती, तळाला खडे आणि वर पाणी भरून घट्ट बूच लावलेली. मी कपाळावर हात मारला. पाणीकपातीच्या दिवसांत आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये घरोघरी टाकीत अशी बाटली असायची. बाटलीएवढं पाणी दर वेळी वाचतं, हा त्यातला हिशोब. जुन्या दांडग्या टाकीला ते सोसायचं. ह्या टाकीत आधीच जेमतेम पाणी, त्यात बाटलीने जागा अडवलेली. आणि कोकम सरबत माझ्या घरी एकच बाई आणते.

बाटली काढली, झाकण बसवलं, टाकी भरू दिली, मोठं बटण दाबलं. सगळं एका दमात साफ! मी एकटीच "झकास!" म्हणून ओरडले आणि तिथूनच फोन लावला.

"ताई, फ्लशच्या टाकीत बाटली तू ठेवलीस?"

"हो तर. वास्तुशांतीला आले होते तेव्हा. आई ठेवायची ना? केवढं चांगलं पाणी वाया घालवता तुम्ही!"

"अगं बये, म्हणून तर फ्लश चालत नव्हता! तूच ठेवलीस आणि तूच बादलीचं रडगाणं गातेस!"

ती खळखळून हसली. मी पुन्हा बटण दाबून तिला आवाज ऐकवला. "ऐकलंस? बादली संपली. तुझी खाट खिडकीपाशी लावते, झाडं दिसतील. सकाळचा चहा मी करीन, दुपारी आपण दोघी..."

"ऐक माझं," ताई म्हणाली. "माका नाय जमणा गो."

ती मालवणीवर आली की विषय संपलेला असतो. तरी मी म्हटलं, "गुडघ्यांचं म्हणत असशील तर..."

"गुडघे नाहीत गं. तू बोलतेस. डोळे उघडल्यापासून बोलतेस. मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर उभी राहून बोलतेस. मला आता शांततेची सवय झालीय. दिवाळीत मी उगीचच संडासात जाऊन बसायचे, माहितीय? जरा गप्प बसायला मिळावं म्हणून."

मला फार वाईट वाटलं. दिवस दिवस घरात कुणी नसतं. मग माणूस दिसलं की साठलेलं सगळं बाहेर पडतं, मला आवरत नाही. पण हे तिला समजावायचं, तर ते पुन्हा बोलणंच.

"रागावलीस?" तिने विचारलं.

"छे गं."

"फोनवर मला तुझ्याशी बोलायला आवडतं हां. फोनचं कसं, ठेवता येतो."

आम्ही दोघी हसलो. "चल, दिवा लावायचाय," ती म्हणाली.

"अगं ताई, पण मी काय म्हणते..."

तिने ठेवला होता. उरलेलं वाक्य मी तिथेच, कमोडपुढे उभी राहून, पूर्ण केलं.