भोकाच्या आतली धार

मी वीस वर्षांचा होतो आणि डोक्यात पत्रकंच पत्रकं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर दोन मी स्वतः लिहिली होती. मग नुसतं लिहून भागेना, म्हणून कॉलेज सोडून बागबाजारातल्या एका कारखान्यात शिरलो. तिथे पंख्यांचे सुटे भाग बनत. मालक म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर राहा."

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी हाक दिली, "ओ बाबू, रेती आनो तो!" मी बाहेरच्या ढिगातून घमेलंभर वाळू आणली. आमच्या मराठी घरी रेती म्हणजे वाळूच, त्यांच्या बोलीत लोखंड घासायची कानस. काका हसून हसून खाली बसले. "पंख्याला घर बांधताय की काय?" बंगालीत वाळूला बाली म्हणतात, तेव्हापासून मी बालीबाबू.

कानस मात्र हातात छान बसली. पंख्याची वायर ज्यातून जाते त्या लोखंडी पट्टीला भोक पाडलं की कडेला धारदार काटे राहतात. मी ते घासून पट्टी चकचकीत करी. महिना संपायला तीन दिवस असताना पेटीभर पट्ट्या बांधूनही ठेवल्या. मग काकांनी माझ्यापुढची एक पट्टी उचलली, भोकातून सुती वेष्टणाची वायर ओवली आणि दोनदा ओढली. धागे निघाले.

"वरून साधू, आत सुरी. कानशीनं काटा आत वळतो, बाबू. वायर सोलेल, कुणाला तरी झटका बसेल."

त्यांनी लाकडी मुठीत बसवलेलं ड्रिलचं जाड पातं दिलं. भोकावर टेकवून हातानं दोन फेरे, बस्स. पट्टी जिथे दुमडलेली असे, तिथे आतल्या बाजूला ते पोचेना. तिथे तीन धारांच्या स्क्रेपरनं खरवडायचं.

"आणि बांधलेली पेटी?" मी विचारलं.

"तुमच्या पत्रकात काय लिहिलंय?"

काकांना मीच वाचून दाखवलेल्या त्या पत्रकांत माणसांच्या जिवाशी खेळणाऱ्या कारखानदारांना मी काय काय शिव्या घातल्या होत्या! तसाच मालकांकडे गेलो. म्हणालो, पेटी पाठवू नका, चूक माझी. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

मालकांनी काकांना विचारलं, "याला ठेवायचं?"

"पेटी साफ होऊ दे, मग सांगतो."

दोन दिवस मी भोकं साफ करत होतो आणि काका प्रत्येकात वायर ओवून ओढत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वायर गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि मी साफ केलेल्या उरलेल्या पट्ट्या न तपासताच पेटीत भरायला घेतल्या.