दर शुक्रवारी एक धडा

“दोन सेकंद! अख्ख्या वर्गात मी एकटीच दोन सेकंदवाली. बाकी सगळ्यांचं उत्तर तीन.”

“दोनच बरोबर आहे. वीस मीटर उंच गच्चीवरून चेंडू सोडला, तर…”

“वीस नाही रे मामा, पंचेचाळीस! नव्या आवृत्तीत गच्ची पंचेचाळीस मीटरची केलीये. सरांनी मला उभं करून विचारलं, ‘तुमच्या घरी गुरुत्वाकर्षण जास्त आहे का?’ सगळे खो खो हसत सुटले.”

मामाला हसू येत होतं, पण भाचीचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. “दाखव बघू.”

तिने मैत्रिणीच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून आणला होता. मामाने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, फोन दूर धरला, जवळ धरला. पंचेचाळीस. जुन्या पुस्तकाशी जुळवताना त्याने गणिताची पहिली ओळ तेवढी वाचली होती आणि पुढचं तेच असणार असं धरून चालला होता. सव्वीस वर्षांत अशी चूक त्याने केली नव्हती.

सव्वीस वर्षं तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. गल्लीत अजून सगळे त्याला प्रूफकाकाच म्हणतात. टेबलाच्या एका बाजूला बसून सोबती मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हांसकट, आणि समोर हा पेन्सिल सरकवत जायचा. भौतिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं तेव्हा स्वतः बारावीत त्याच विषयात गचकलेल्या या माणसाने एकूण एक गणित सोडवून पाहिलं. मालक वैतागले, “अहो, अक्षरं तपासा. विश्व तपासू नका!” तरी शेवटची उत्तरांची पानं त्याने सात ठिकाणी दुरुस्त केली. पुस्तकात त्याचं नाव कुठेच नाही. एक प्रत तेवढी मिळाली.

मग छापखाना बंद झाला, सोबती मुलाकडे राहायला गेला. सुधारित आवृत्ती दुसरीकडेच कुठेतरी, संगणकावर तयार झाली. मामाने लग्न केलं नव्हतं. आता तो एकटाच दुधाची पिशवी हातात धरून मोठ्याने वाचतो, “उकळून वापरा, पूर्णविराम.” समोर कोणी नसतं.

भाची अकरावीत गेली आणि भौतिकशास्त्राने तिला रडकुंडीला आणलं. मामा म्हणाला, “माझी जुनी आवृत्ती घे. समासात सगळं सोडवून ठेवलंय.” अडचण एकच होती. गृहपाठ नव्या आवृत्तीतला, आणि तिच्यात गणितांचे क्रमांक पार बदललेले. “त्यात काय, मी जुळवून देतो की!” ग्रंथालयात नवी प्रत होती, तिथे बसून त्याने जुळवाजुळव केली. दर शुक्रवारी एका धड्याची चिठ्ठी तयार असायची. डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे नवा. ती संध्याकाळी यायची, तास दोन तास बसायची. समोरच्या खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा शुक्रवारी दुपारी खाली उतरायचा आणि शनिवारी परत वर चढायचा.

“बाबा उद्या नवं पुस्तक आणतायत,” भाची म्हणाली.

“नव्यात काय ठेवलंय एवढं? रंगीत चित्रं. चेंडूला सावली काढलीये. सावलीने गणित सुटतं का?”

“आकडे तरी बरोबर आहेत ना त्यात!”

मामाने चष्मा परत कपाळावर सरकवला. मग म्हणाला, “माझी चूक झाली, कबूल. आण ती चिठ्ठी, दुरुस्त करतो. खोडरबर दे जरा, खणात आहे बघ.”

तिने खण ओढला. खोडरबराच्या खाली टाचणी मारलेले कागद होते. तिने सहज वरचं पान उलटलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

“मामा, हे काय आहे?”

“ते… असंच, कच्चं आहे.”

“कच्चं? चौदाच्या चौदा धडे आहेत. आणि खाली काय लिहिलंयस? ‘तपासले.’ सही. तारीख!” तारीख घालायची छापखान्यातली सवय सुटली नव्हती. ती बोटं मोजू लागली. “पहिल्या चिठ्ठीनंतर दहाच दिवसांत तुझी सगळी यादी झाली होती?”

“हो.”

“मग दर वेळी ‘फार किचकट काम आहे गं, एकच धडा झाला’ असं का सांगायचास? आम्ही परीक्षेच्या आधी पाच धडे एकदम करत होतो. मी तुला फोन करून विनवत होते!”

मामाने खणातलं खोडरबर उचललं आणि चिठ्ठीवरचा गच्चीच्या गणिताचा क्रमांक खोडायला घेतला. कागद चुरगळला. त्याने तो तळहाताने सरळ केला.

“सगळी यादी तेव्हाच दिली असती,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तर पुढच्या शुक्रवारी आली असतीस?” आणि मग, जुन्या सवयीने, अगदी हळू, “प्रश्नचिन्ह.”

एरवी यावर ती खळखळून हसली असती.

तिने कागद होते तसे खणात ठेवले, खण आवाज न करता लोटला. जुनं पुस्तक दप्तरातून काढून टेबलावर ठेवलं. दारात वाकून चपलेचा पट्टा लावायला तिला जरा वेळ लागला. मग ती जिना उतरून गेली.