हिरव्या रंगातला पाडा

"पाणी कुठं जातंय ते दाखवा, ताई," म्हणत सर टेबलावर तळहात आपटत आणि माझा चहा सांडे. नाशिकमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दरडींचे धोका-नकाशे तयार होत. सॉफ्टवेअर फुकटातलं, उपग्रहाने मोजलेल्या उंचीही फुकटातल्या. सरांचा राग मात्र महागात पडायचा. तुम्ही अशा कुणासमोर बसून नोकरी केली असेल, तर जास्त सांगायला नको.

सर लासलगावकडचे, आधी भूगोलाचे मास्तर. एक रिसॉर्टवाला नकाशात आपल्या जागेचा धोक्याचा लाल रंग पिवळा करून मागायला आला, तेव्हा सरांनी त्याची गचांडी धरून त्याला जिन्यावरून ढकललं. मग खुर्चीत बसून राहिले. "लय लागलं नसंल ना त्याला?" असं मलाच विचारत होते.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्याला आम्ही हिरवा रंग दिला. हिरवा म्हणजे सुरक्षित. प्रत्येक नकाशा त्या त्या गावात लावायचाच, हा सरांचा नियम. त्यांनी हा नकाशा पाड्याच्या शाळेच्या भिंतीवर चिकटवला, लोकांना बसवून समजावला.

पुढच्या पावसाळ्यात चार दिवस झड लागली. सर पाहणीला तिकडे गेले आणि दुपारी त्यांचा फोन आला. "हिरवं चुकलंय. देवराईची झाडं आपण जमीन धरली."

उपग्रहाने झाडांचे शेंडे मोजले होते. त्यामुळे नकाशात तिथे टेकाड दिसत होतं आणि पाणी त्याला वळसा घालत होतं. प्रत्यक्षात झाडांखाली घळ होती, थेट पाड्यावर उतरणारी. देवराईत कुणी पाऊल ठेवत नाही, म्हणून पहिल्या पाहणीत सरही मान राखून बाहेरूनच परतले होते.

पुढचं मला पाड्यातल्या लोकांनी सांगितलं. सर घरोघरी जाऊन बाहेर पडा म्हणत होते. लोक हसले. "तुमीच सांगितलं ना सर, आमी हिरव्यात हाय." सरांनी शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आणून त्यांच्यासमोर फाडला. तरी कुणी हललं नाही. मग ते घरांत घुसले. पेटत्या चुलींवर पाणी ओतलं, मडकी फोडली, वर्षाच्या भाताच्या कणग्या चिखलात उलट्या केल्या. आख्खा पाडा काठ्या घेऊन मागे लागला. सर ओहोळ ओलांडून शाळेच्या उंचवट्याकडे पळाले. तिथे लोकांनी त्यांना गाठलं. डोकं फुटलं, गुडघा मोडला.

तेवढ्यात डोंगर फाटला. देवराई मुळांसकट खाली आली आणि वरची, आता रिकामी पडलेली घरं भुईसपाट झाली. खालच्या टोकाचं एकच घर उभं होतं. त्यात एक म्हातारी राहिली होती. कुणी अडवायच्या आत सर पाय ओढत तिकडे निघाले. ते तिला घेऊन परतत असताना दुसरा लोंढा आला. तिसऱ्या दिवशी दोघं सापडली. म्हातारी त्यांच्या पाठीवर होती.

महिन्याभराने पाड्यातला एकजण ऑफिसात आला. सरांच्या खुर्चीकडे बघत उभाच राहिला.

"गुडघ्यावरची काठी माझी होती," तो म्हणाला. "पाय धड असता तर पोचले असते का, ताई?"

ते मी आधीच मोजलं होतं. घरापासून शाळेपर्यंतची वाट, चढ, पाठीवरचं ओझं, धडधाकट माणसाला लागणारा वेळ, सगळं. सर पोहोचले असते. मला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटत होता. तो रडतही नव्हता, नुसता उत्तराची वाट बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "तरीही नसते पोहोचले."