चांदसाहेबचा पाण्याचा बाण

तासगाव मागं टाकून द्राक्षबागांमधून चार-पाच किलोमीटर गेलं की गावचा फाटा लागतो, आणि फाट्यावर चांदसाहेबचं पंक्चरचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याचा डबाच. आत हवेची टाकी, पाण्याचं घमेलं आणि जुन्या टायरांची उतरंड. चांदसाहेब चांगला सहा फुटी गडी, त्याला आत सरळ उभं राहता येत नाही. बाहेर पडावं तर चौफेर बागांचे मांडव, डोक्याच्या उंचीवर तारांचं जाळं, तिथंही मान खालीच. सकाळी सातपासून तो असा वाकून दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरायचा आणि चाकं निघून जायची. जाता जाता एखादा ट्रॅक्टरवाला म्हणणार, "चांदभाई, तुमचं बरं हाय, बसून काम." अशाच्या चाकात हवा जरा कमीच भरावी असं त्याला वाटायचं, पण तो स्वभाव नव्हता.

त्याचं घराणं मूळचं शोभेच्या दारूचं. दसऱ्याला गावच्या देवाची पालखी निघताना पहिला बाण त्यांच्या घरचा उडायचा. मानाचा बाण. तो वर गेल्याशिवाय पालखी देवळाचा उंबरा ओलांडायची नाही. बाण बनवायचा चांदसाहेबच्या घरानं आणि वात पेटवायची गावातल्या जोतिबाआण्णांच्या घरानं, ही वाटणी तीन पिढ्यांची. बाणाला डोळ्यासमोर ठेवून चांदसाहेब लहानाचा मोठा झाला. शाळेत त्याचं लक्ष नसायचं, पण बाण तिरका का गेला यावर तो आठ दिवस विचार करायचा.

नऊ वर्षांपूर्वी दारूकामाच्या खोलीत भडका उडाला आणि त्यात रिजवान गेला. रिजवान हा चांदसाहेबच्या बायकोचा, सुरय्याचा, धाकटा भाऊ. कडेगावहून काम शिकायला आलेला, एकोणीस वर्षांचा. दुपारी एकटाच होता. कशानं पेटलं ते कुणालाच कळलं नाही. चाळिसाव्याच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर सुरय्यानं नवऱ्याचा हात धरला आणि लेकीच्या, तहरीमच्या, डोक्यावर ठेवला. "म्हणा, जन्मात परत कायबी उडवणार न्हाई."

तो म्हणाला. नाही कसं म्हणणार? त्यानंतर त्यानं हे दुकान टाकलं. संक्रांतीला पोरं पतंग घेऊन यायची, तर तो दोरसुद्धा हातात धरायचा नाही. दसऱ्याला समितीनं बाहेरगावाहून आणलेले बाण उडायचे, तेव्हा सुरय्या आतल्या खोलीत कानात बोळे घालून बसायची आणि तो दाराबाहेर बसायचा.

पुढं पाच वर्षांनी एके दुपारी तो एक व्हॉल्व तपासत होता. व्हॉल्व बसवला होता कोल्ड्रिंकच्या बाटलीला, बाटलीत थोडं पाणी. टाकीची हवा सोडली आणि बाटली हातातून सुटली ती थेट वर. पत्र्याला पोचा पाडून खाली आली. चांदसाहेब नखशिखांत भिजला. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच मोठ्यांदा हसला. मग तहरीमची आठवण झाली आणि हसू जागच्या जागी आटलं.

पण सवय लागायची ती लागली. ठिबकच्या पाइपांचा उभा सांगाडा झाला, सायकलच्या ब्रेकची वायर झाली चाप ओढायची दोरी. बाटलीला जुन्या फ्लेक्सचे पंख आले, टोकाला पोरांचा रबरी चेंडू आला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की दुकान बंद असायचं. त्या वेळात तो माळावर जायचा आणि घरी सांगायचा, "सांगलीला टायर आणाय जातो." लबाडी टिकवायला मधूनमधून खरोखरच टायर आणावे लागायचे. दुकानात गरजेपेक्षा जास्त टायर दिसतात ते त्यामुळं.

बाटली वर जायची झकास, पण खाली यायची ती नाकावर. दारूचा बाण जळून संपायचा, त्याच्या परतीची काळजी कुणी केली नव्हती. चांदसाहेबला मात्र हा परत यायला हवा होता, धड, जसाच्या तसा. सव्वा वर्ष त्यात गेलं. शेवटी चावीच्या खेळण्यातल्या मोटारीची स्प्रिंग कामाला आली. उडताना ती सुटायची, सहा सेकंदांनी खिट्टी काढायची आणि काळ्या छत्रीच्या कापडाचा गोळा फाकून उघडायचा. छत्री पहिल्यांदा उघडली त्या दिवशी हे सांगायला चांदसाहेबजवळ कुणी नव्हतं. त्यानं सांगलीला वसतिगृहात राहणाऱ्या तहरीमला फोन लावला. "बरी हायस न्हवं?"

"अब्बा, दर शुक्रवारी काय वो हे? मला काय झालंय?"

"काय न्हाई. सहज." प्रत्येक उड्डाणानंतर तो हा फोन करायचा. तिचा आवाज ऐकेपर्यंत त्याच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. मग रविवारपर्यंत तो ठरवायचा की आता बास, आणि बुधवारपासून नवीन पंख कापायला घ्यायचा. सोडवत नव्हतं आणि सांगवतही नव्हतं. चार वर्षं तो असा दोन्हीकडून कोंडलेला होता.

यंदा बेदाण्याच्या दिवसांत यात्रा समितीचा शंभूराज दुकानात आला. "दसऱ्याला अजून सा म्हयने हाईत. पर औंदा मानाचा बाण तुज्याच घरचा पायजे, गड्या. इकतच्या बाणाला मान कसला?"

"शपथ हाय माजी."

"मग माळावर दर शुक्रवारी काय उडवतुयास?" शंभूराज हसला. "सगळ्या गावाला म्हाईत हाय रं. वयनीला तेवढं न्हाई. आमी बोललो न्हाई, बोलणार बी न्हाई. तेच सोड की पालखीपुढं."

शंभूराजच्या मनात पाप नव्हतं. पण चांदसाहेबला कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं झालं. नाही म्हणावं तर देवाचा मान मोडतो, हो म्हणावं तर शपथ, आणि दोन्हीत सुरय्याला कळणारच. वेळ काढायला तो म्हणाला, "आधी येऊन बगा तरी."

शुक्रवारी शंभूराज आला आणि मागून जोतिबाआण्णा. आण्णांचं वय ऐंशीच्या पुढं. नऊ वर्षांनी बोलावणं आलं म्हणून धुतलेलं धोतर नेसून, हातात पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा घेऊन ते घरापासून माळापर्यंत चालत आले होते.

"वात कुठं हाय रं?"

"आण्णा, वात न्हाई ह्याला. पाणी हाय आत. मी हवा भरतोय."

"पाण्यानं कवा बाण उडलाय व्हय?" आण्णांना वाटलं, पोरगं बरीच वर्षं कामाबाहेर आहे, वात कुठंतरी आत राहिली असेल. ते वाकून शोधू लागले, आणि उदबत्ती बाटलीला टेकली. प्लास्टिकला भोक पडलं, पाण्याची पिचकारी थेट आण्णांच्या तोंडावर. उदबत्त्या विझल्या, धोतर भिजलं. शंभूराज पोट धरून हसत होता. चांदसाहेबही हसला असता, पण त्याला पांदीतून पळत येणारी सुरय्या दिसली.

ती वाटेवरच्या शेडमध्ये बेदाणे निवडायला जायची. पेटत्या उदबत्त्या घेऊन माळाकडं चाललेले आण्णा तिनं बघितले होते. त्याचा अर्थ या गावात एकच होतो.

ती येऊन उभी राहिली. धाप लागलेली, हात बेदाण्यानं चिकट. तिनं सांगाड्यावरचं पाणी बोटावर घेतलं आणि हुंगलं. दारूचा वास तिला झोपेतही कळला असता. "ह्यात दारू न्हाई?"

"न्हाई. पाणी आन हवा."

"वर गेल्यावर?"

"खाली येतंय. छत्री उघडून. मोडत न्हाई."

"कवापासनं?"

"चार वर्सं," चांदसाहेब म्हणाला. त्याला मान वर करवेना.

"चार वर्सं माज्या लेकीच्या डोक्यावर हात ठिऊन उडवताय?" तिचा आवाज चढला नाही, तेच त्याला जास्त लागलं. "शपथ सुटायची न्हाई. तुमी परत दोरीला हात लावायचा न्हाई."

त्यानं मान हलवली आणि खाली बसून पाइप सोडायला घेतले. पेच निघत नव्हता. शंभूराज काही बोलायला गेला, तर आण्णांनी त्याला ओल्या हातानं गप्प केलं.

"थांबा," सुरय्या म्हणाली. "शपथ तुमी घेतलीया. मी न्हाई घेतली. दुसरी बाटली हाय का?"

त्यानं दुसरी बसवली. पंपानं हवा भरली. ते त्याचं रोजचंच काम, त्याला मनाई नव्हती. मग तो दहा पावलं मागं गेला आणि सुरय्यानं दोरी ओढली. पाण्याचा फवारा उडाला, बाटली सरळ वर गेली. सुरय्याचे हात कानांकडं गेले, पण डोळे तिनं मिटले नाहीत. ओठ हलवत ती मोजत होती की दुवा म्हणत होती, चांदसाहेबला कळलं नाही. छत्री उघडली. बाटली तरंगत जाऊन एका बागेच्या मांडवावर अडकली. सुरय्या स्वतः गेली, तारांखालून वाकून, आणि बाटली पोटाशी धरून परत आली.

"आलं की वो परत," ती म्हणाली. मग तिथंच मातीत बसून ती रडली. रिजवानचं नाव तिनं नऊ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यांदा घेतलं.

दसऱ्याला उजेड असतानाच पालखी उंबऱ्यापाशी आली. तहरीम सुट्टीवर आली होती. आण्णा पेटती उदबत्ती घेऊन उभे होते. मान तो मान, पण शंभूराजनं त्यांना चाळीस पावलं लांब उभं केलं होतं. चांदसाहेबनं हवा भरली आणि मागं सरकला. सुरय्यानं दोरी ओढली. सगळं गाव वर बघत होतं. चांदसाहेबचा उजवा हात आपसूक दोरीकडं निघाला होता. तो त्यानं पाठीमागं नेऊन डाव्या हातानं घट्ट धरला.

"बरी हायस न्हवं?" त्यानं विचारलं.

"अब्बा, तुमच्या शेजारीच उभी हाय मी," तहरीम म्हणाली. "हात सोडा की आता."

पण छत्री उघडून बाण खाली टेकेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.