बोर्डावर आजाराचं नाव काढलं की फाऊल

गुरुवारी दुपारी मी कॅरममध्ये सपाटून हरले. कळमनुरीत, माझ्याच ओसरीत, माझ्याच बोर्डावर...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठ महिन्यांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमोसाठी नांदेडच्या चकरा, मग रेडिएशन. शाळेतून रिटायर होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आजारापेक्षा मला भेटायला येणाऱ्यांनी जास्त थकवलं. आमचा जिल्हा हळदीचा, त्यामुळे प्रत्येकाकडे हळदीचा एक खात्रीचा उपाय. आणि जाताना डोळे पुसणं ठरलेलं.

केमो सुरू झाल्यावर बोटं बधिर झाली. ब्लाऊजचं हूक लागेना. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. तेव्हा माळ्यावरचा कॅरम बोर्ड आठवला. कॉलेजात मी मुलींमध्ये चॅम्पियन होते. लग्नानंतर मात्र बोर्डाला हात लागला नव्हता.

शेजारची सुमन आणि कॉलेजपासूनची मैत्रीण मंगला यांना मी भेटायला बोलावलं नाही, कामाला लावलं. रोज चार ते सहा. दोघींनी खेळायचं, तिसरीनं शेंगा सोलायच्या नाही तर चहा ठेवायचा. तेवढा वेळ माझा फोन बंद. नियम एकच... बोर्डावर आजाराचं नाव काढलं की फाऊल, जिंकलेली एक सोंगटी परत.

पहिल्या आठवड्यात मंगलानं तब्येतीची चौकशी करून तीन सोंगट्या घालवल्या. सुमन शेतकरी घरातली, मोजकं बोलणारी. तिचा एकही फाऊल झाला नाही. संध्याकाळचा माझा डबाही तीच आणून द्यायची, न विचारता.

पहिले काही दिवस मी हरले. मग जिंकू लागले ते जिंकतच राहिले. बोटांत धड संवेदना नाही, डोक्याला रुमाल, तरी रोज जिंकत होते. पाचव्या केमोनंतर तर लोडाला टेकून खेळले, तरी जिंकले. मुलाला फोनवर सांगायचे, मन खंबीर ठेवलं की हात आपोआप चालतो. इथे फेसबुकवरही तसं लिहिलं होतं... तुम्ही लाइकही दिले होते.

मागच्या आठवड्यात शेवटचा स्कॅन झाला. रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येणार होता. तो पुण्याला असतो.

गुरुवारी मी आणि सुमन खेळत होतो. माझ्या सात सोंगट्या घेऊन झाल्या होत्या, तिच्या दोन. साडेचारला तिचा फोन वाजला. नाव बघून ती उठली आणि अंगणात गेली. फोन माझ्या मुलाचा, हे मला लगेच कळलं. माझा बंद असताना तो दुसऱ्या कोणाला करणार...

तिची पाठ दिसत होती. "व्हय... व्हय..." एवढंच ऐकू आलं. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. मंगलाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

 मनात म्हटलं, झालं... पण विचारलं नाही. नियम माझाच होता.

सुमन आत आली, बसली, बोर्डावर पावडर टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. स्ट्रायकर लावला आणि एक सोंगटी घेतली. दुसरी घेतली. तिसरी रिबाउंड मारून घेतली. राणी घेतली, लगेच कव्हर दिलं. आणि थांबेचना... इतक्या महिन्यांत मी तिचा असा हात पाहिला नव्हता.

तेव्हा लख्ख कळलं. इतके दिवस ही बाई मला जिंकू देत होती. मंगलासुद्धा. तीस वर्षं मी कॉपी करणारं पोरगं शेवटच्या बाकावर असलं तरी ओळखलं, आणि या दोघी माझ्या नाकासमोर बसून...

आणि दुसरंही कळलं. ज्या माणसाचं काही खरं नाही, त्याला असं कोणी हरवत नाही.

तरी कानांनी ऐकायचं होतं. तिची एकच सोंगटी उरली होती, अगदी पॉकेटच्या तोंडाशी. मी विचारलं, "रिपोर्ट काय आला गं?"

"फाऊल," सुमन म्हणाली. "सोंगटी ठेवा, बाई."

ठेवली. मधोमध ठेवायला वेळ लागला. ती थांबली. मग आपली शेवटची सोंगटी घेतली आणि स्ट्रायकर बाजूला सारला.

"समदं साफ हाय, बाई. कुठंच काही राहिलं न्हाई. आता उद्यापासून तुमाला सोडायची न्हाई मी."

मंगला एकाच वेळी रडत होती आणि हसतही होती. तिला मी शेंगा सोलायला सांगितलं. आणि सुमनला चांगलं फैलावर घेतलं. मला खोटं खोटं जिंकवायला मी काय बालवाडीतली आहे का, इतके दिवस काहून हरत होतीस, म्हणून विचारलं.

तिनं सोंगट्या डब्यात भरता भरता सांगितलं, "सुरुवातीला तुमी हरल्या की डबा तसाच वापस येत होता. जिंकल्या त्या दिवशी भाकर खाल्ली तुमी."

मी स्ट्रायकर पुसून डब्यात ठेवला. 

मन खंबीर वगैरे जे मी लिहिलं होतं, ते मागे घेते. खंबीर होत्या त्या या दोघी. रोज दोन तास हरायचं आणि चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे मला एक दिवसही जमलं नसतं. तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

काल परत बोर्ड मांडला. मंगलानं हरवलं, मग सुमननं हरवलं... रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या आणि डबा घासून परत पाठवला.